सतराव्या ओळीवरची पेन्सिलीची खूण

एका माणसाविषयीचा एक प्रश्न मला सोडवायचा आहे. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमच्या समोरच्या इमारतीत राहणारे काका भित्रे होते की सावध? हे दोन शब्द आपण फार सैलपणे, एकमेकांच्या जागी वापरतो. मी दर रविवारी इथल्या मराठी शाळेत शिकवतो आणि मुलांनी अशी अदलाबदल केली की वहीत तांबडी खूण करतो. म्हणून उत्तराची घाई करत नाही. जे पाहिले ते आधी सांगतो. जे पाहिले नाही तेही सांगावे लागेल, कारण या गोष्टीतला माझा वाटा नेमका तिथेच आहे.

ते आमच्या नात्यातले नव्हते. आम्ही तिशीतले, ते बावन्न वर्षांचे, म्हणून काका. व्यवसाय सॉफ्टवेअर तपासण्याचा. इतरांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे कोलमडतो ते शोधणे, हेच काम त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे केले होते. ते म्हणत, "लिहिणारा सांगतो, चालतोय. मी विचारतो, कोणाच्या मशीनवर?" ही सवय कचेरीतून घरी आली आणि घरातच राहिली. दुधाचा कॅन ते दुकानाच्या पार्किंगमध्येच उघडून हुंगत. कोणाकडे सत्यनारायणाला जायचे असले, की आदल्या दिवशी तिथवर गाडी चालवून परत येत. काकू एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला बघायला हे तीनदा आले. होकार पहिल्याच वेळी दिला होता. पुढच्या दोन खेपा पडताळणीच्या."

त्यांचे एक वाक्य आमच्या कॉलनीत प्रसिद्ध होते: "बघितलंस, की धरून चाललास?" दार लावलेय, गॅस बंद आहे, मीटिंग तीनला आहे, काहीही सांगा, हा प्रश्न ठरलेला. आणि त्यांच्या याद्या! स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढे ते हिरव्या शाईने खूण करत. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीपुढे पेन्सिलीने. "पेन्सिलीची खूण म्हणजे खोटं नव्हे," ते समजावत. "ते उसनं खरं."

हा माणूस देशाबाहेर जात नसे. त्याला कारण होते. अकरा वर्षांपूर्वी ते पुण्याला पुतणीच्या लग्नाला गेले. परतीसाठी व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत उभे राहिले. अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला आणि आणखी चौकशी करायची आहे अशी एक चिठ्ठी हाती दिली. त्या चिठ्ठीने त्यांना अकरा आठवडे अडकवले. काकू आणि सहा वर्षांची मुलगी पुढे निघून आल्या. मुलीचे पुढचे दोन दात त्या काळात पडले. ते त्यांनी फोनवर पाहिले.

पुढे ग्रीन कार्ड मिळाले. आता कोणत्याही शिक्क्याची गरज उरली नव्हती, तरी काका गेले नाहीत. माझा मित्र मंदार हा आमच्यातला नागपूरकर. तो त्यांना छेडायचा, "काहून घाबरता काका? कार्ड आहे ना!"

"कार्ड आहे. ते चालतं का, कुणी बघितलंय?"

"लाखो लोक जातात येतात!"

"त्यांची कार्डं चालतात. माझं?"

यावर मंदार कपाळाला हात लावत असे. काका मात्र गंभीर असत.

आता लिस्बनकडे येतो. निखिल, मंदार आणि मी, तिघे एकाच कंपनीत. निखिलचे लग्न इथेच, न्यू जर्सीत व्हायचे होते. त्याआधी बॅचलर पार्टी झालीच पाहिजे आणि ती युरोपातच, असा मंदारचा हट्ट. न्यूअर्कहून थेट विमान आहे म्हणून लिस्बन ठरले. गुरुवारी संध्याकाळी निघायचे, सोमवारी परत. बुधवारी निखिलचे आईवडील पुण्याहून उतरणार होते. ते पहिल्यांदाच परदेशी येत होते आणि त्यांना घ्यायला विमानतळावर निखिलच हवा होता. शनिवारी लग्न. निखिलची आई फोनवर कुरकुरली होती, "लग्न आठवड्यावर आलेलं असेल रे तेव्हा. नवरदेवानं वेस ओलांडू नये."

हे काकांनी पार्किंगमध्ये ऐकले. "आई बरोबर सांगतायत," ते म्हणाले. "फक्त हल्ली वेस म्हणजे इमिग्रेशनचा काउंटर. कागद कोण बघतंय?"

"कागद काय बघायचे यार?" मंदार म्हणाला. "तिकीट काढायचं अन् जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा तिघांना एक्केचाळीस ओळींची यादी आली. वर शीर्षक होते, 'निखिलचे केळवण'. संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही त्यावर हसलो. काका हसले नाहीत. लग्नाआधी आप्तांनी नवऱ्यामुलाला जेवायला बोलवायचे, ते केळवण. तुमची पार्टी म्हणजे मित्रांनी केलेले केळवणच, असे त्यांचे म्हणणे होते. "आणि केळवणाला नेलेला नवरदेव सुखरूप घरी पोचवणं हे यजमानाचं काम. जेवण झालं की काम संपत नाही."

काकू आतून म्हणाल्या, "ताट जरा लांब मांडलंय एवढंच."

त्यांनी न पाहिलेले ते शहर संगणकावरच्या नकाशात गल्लीगल्लीने चालून पाहिले. कोणते उपाहारगृह रविवारी बंद असते, कोणत्या चढावर ट्रामला गर्दी होते, सगळे यादीत होते. एक ओळ तर बुटांविषयी होती: 'पदपथ लहान दगडांचे. पाऊस पडल्यास निसरडे. चामडी तळव्याचे बूट नकोत.' युरोपच्या व्हिसासाठी त्यांनी आमच्याआधी स्वतःचाच अर्ज भरला आणि मुलाखतीला जाऊन आले. त्यांच्या पासपोर्टवर व्हिसा चिकटलेला पाहून निखिलने विचारले, "म्हणजे तुम्ही येताय?"

"छे. काय काय विचारतात ते बघायचं होतं."

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही अर्जात परतीनंतरचे चार दिवस जास्तीचे मागितले. तिघांच्या घरांच्या एकेक किल्ल्याही त्यांनी मागून घेतल्या. पाण्याचा हीटर फुटला तर, असे कारण दिले.

निघण्याच्या आदल्या शनिवारी त्यांनी घरी रंगीत तालीम ठेवली. जेवणाच्या टेबलावर तीन ट्रे मांडलेले, विमानतळावर असतात तसे. प्रत्येकाने आपले कागद ट्रेमध्ये ठेवायचे, त्यांनी एकेक ओळ वाचायची, कागद पाहायचा आणि हिरवी खूण करायची. हे सव्वादोन तास चालले. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बटाटेवडे निवत होते.

सतरावी ओळ होती, 'जुना पासपोर्ट'. इथे थोडे थांबून समजावून सांगणे आवश्यक आहे. पासपोर्टची मुदत संपली की आपल्याला नवा मिळतो आणि जुना रद्द होतो. त्याचा कोपरा कापतात. परंतु जुन्या पुस्तिकेत चिकटवलेला अमेरिकेचा व्हिसा त्यामुळे रद्द होत नाही. त्यावरची तारीख उलटेपर्यंत तो चालतो. मात्र प्रवासात जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट जवळ लागतात. निखिलने नवा पासपोर्ट नुकताच काढला होता. त्याचा व्हिसा कोपरा कापलेल्या जुन्यात होता. अमेरिकेतून बाहेर पडताना तो कोणी विचारत नाही. परतताना विचारतात.

निखिलच्या ट्रेमध्ये जुना पासपोर्ट नव्हता.

"बॅगेत टाकलाय काका. घरी आहे बॅग."

"बघितलंस, की धरून चाललास?"

"टाकलाय म्हणजे... टाकला असणारच ना. डोन्ट वरी!"

"जाऊन घेऊन ये. दोन इमारती पलीकडे तर आहे."

निखिलने माझ्याकडे पाहिले. मंदारने वड्यांकडे पाहिले. मी म्हणालो, "काका, मी बघितलाय. सकाळी त्याच्याकडेच होतो."

सकाळी मी त्याच्याकडे होतो हे खरे. पासपोर्ट मी पाहिला नव्हता. निखिल व्यवस्थित मुलगा आहे, म्हणतो तर ठेवलाच असेल, असे मला वाटले होते. काकांनी माझ्याकडे क्षणभर रोखून पाहिले, हिरवे पेन टेबलावर ठेवले, पेन्सिल उचलली आणि सतराव्या ओळीपुढे बारीक खूण केली. "ठीक," ते म्हणाले. "वडे घ्या."

लिस्बन त्यांच्या यादीसारखेच निघाले. हिरव्या टाइल्सचे घर डाव्या हाताला, मग पायऱ्या, मग नदी. बंद म्हणून लिहिलेले उपाहारगृह बंदच होते. रविवारी पावसाची सर आली आणि नवे चामडी बूट घातलेला मंदार उतारावर सपशेल बसला. पडल्यापडल्या तो ओरडला, "काकाले सांगू नका बे!" निखिल इतका हसला की भिंतीला टेकला. मागे वळून पाहताना वाटते, त्या तीन दिवसांत आम्ही काकांची टिंगल केली नाही असा एक तास गेला नसेल.

सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही परतीच्या काउंटरपुढे उभे राहिलो. मंदारचे झाले, माझे झाले. निखिलच्या पासपोर्टची पाने काउंटरवरच्या बाईंनी पुढून मागे आणि मागून पुढे उलटली. अमेरिकेचा व्हिसा कुठे आहे, त्यांनी शांतपणे विचारले.

निखिलने बॅग उघडली. वरचा कप्पा, बाजूचा कप्पा, मग बॅग उपडी केली. मोजे, चार्जर, मंदारचे ओले बूट गुंडाळलेली पिशवी. जुना पासपोर्ट नव्हता. फोनमध्ये व्हिसाचा फोटो होता. बाईंनी मान हलवली. मूळ हवा. त्यांचे बरोबर होते.

त्या वेळी न्यू जर्सीत पहाटेचे पाच वाजले होते. मी काकांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला. मी काही बोलण्याआधीच पलीकडून आवाज आला.

"सतरा?"

"हो," मी म्हणालो.

एक्केचाळीसपैकी चाळीस खुणा हिरव्या होत्या.

वीस मिनिटांत त्यांचा परत फोन आला. ते निखिलच्या घरात उभे होते. जुना पासपोर्ट टेबलाच्या खणात, व्हिसाच्या अर्जासाठी काढलेल्या झेरॉक्सखाली होता. निखिल म्हणाला, "काका, कुरिअर करा प्लीज. तीन दिवसांत येईल बहुधा."

"बहुधा हा वार मला कॅलेंडरवर दाखव."

"मग काय करू? आई-बाबा परवा येतायत. बाबांना फॉर्म भरता येत नाही, आईला इंग्लिश येत नाही. आणि शनिवारी..."

पलीकडे खण बंद केल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "संध्याकाळचं विमान आहे. मी आणतो."

मंदारला सुट्टी नव्हती, तो आमच्याकडे वळून वळून पाहत विमानाकडे गेला. मी थांबलो. विमानतळाजवळच्या हॉटेलात आम्ही दोघांनी तो दिवस काढला. दुपारी निखिलच्या आईचा फोन आला. "पोचलास का रे?" निखिल म्हणाला, "पोचतोच आहे, आई," आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. मी त्याला सांगायला हवे होते की चूक त्याच्या एकट्याची नाही. त्याऐवजी मी पुन्हा पुन्हा विमानांची वेळापत्रके पाहत राहिलो.

रात्री काकूंचा फोन आला. "सोडून आले बाई एकदाची. हे गाडीत बसले, उतरले, गॅस बघून आले, परत बसले. मग कार्ड खिशात आहे का ते बघितलं. मग माझ्याकडे दिलं, मग परत घेतलं. मी म्हटलं, नका जाऊ, दुसरं कुणी जाईल. तर म्हणाले, दुसऱ्या कुणाकडे युरोपचा व्हिसा आहे, हे तू बघितलंस का?" त्या हसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "कार्ड नाही चाललं तर रे?"

मंगळवारी सकाळी साडेसातला काका विमानतळाच्या आगमनाच्या दारातून बाहेर आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळे तांबारलेले, सामान काहीही नाही. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पासपोर्ट. निखिल मिठी मारायला पुढे झाला, त्याला हाताने थोपवून ते म्हणाले, "आधी पान उघड. तारीख मोठ्यानं वाच." निखिलने वाचली. "आता तू वाच," ते मला म्हणाले. मीही वाचली. मग त्यांनी निखिलला मिठी मारू दिली.

विमानाला पाच तास होते. निखिल म्हणाला, "काका, टॅक्सीनं पंधरा मिनिटं. निदान ती ट्राम तरी बघून या. तुमचंच तर गाव आहे हे."

"नको. रस्त्यात अडकलो तर?" पण मग ते एकटेच काचेच्या दरवाजातून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. बाहेर पदपथ होता, लहान पांढऱ्या दगडांचा, रात्रीच्या दवाने ओला. काकांनी एक पाय पुढे केला आणि बुटाचा तळवा दगडावर दोनदा घासून पाहिला.

"निसरडे आहेत खरंच," ते म्हणाले. त्यांचे लिस्बन तेवढेच.

तिथे मी सांगितले. "काका, त्या शनिवारी मी पासपोर्ट बघितला नव्हता."

"हं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तेव्हा नाही. शंका होती." ते दगडांकडेच पाहत होते. "तुम्ही लिस्बनला गेल्यावर, परवाच्या शनिवारी, किल्ली घेऊन निखिलच्या दारापर्यंत गेलो होतो. कुलपाला किल्ली लावली. मग म्हटलं, हा मुलांना शिकवतो. बघितलाय म्हणतो तर बघितला असेल. परत फिरलो."

मला वाटले होते, ते रागावतील. त्यांनी बूट झटकला. "मीही धरूनच चाललो की. चल, काउंटर उघडला असेल."

न्यूअर्कला ग्रीन कार्डवाल्यांची म्हणून त्यांची रांग वेगळी होती, आमची वेगळी. मधल्या पट्ट्यापलीकडे मला ते दिसत होते. अधिकाऱ्याने निखिलचे दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवून पाहिले आणि शिक्का मारला. मी मात्र पलीकडे पाहत होतो. काकांनी ते एवढेसे कार्ड दोन्ही हातांनी धरले होते. मी निखिलच्या लग्नासाठी त्यांना तिथे उभे केले होते. ते अडकले असते तर? काकूंना काय सांगायचे, त्याची वाक्ये मी मनात जुळवू लागलो. एकही पुरी होईना.

अधिकाऱ्याने कार्ड घेतले, पाहिले आणि परत दिले. काका जागचे हलेनात. अधिकाऱ्याला हाताने 'पुढे व्हा' अशी खूण करावी लागली.

"काही विचारलंच नाही," बाहेर आल्यावर ते म्हणाले. आवाजात जरा तक्रारच होती. "मी उत्तरं पाठ केली होती."

बुधवारी निखिल आईवडिलांना घ्यायला वेळेवर उभा होता. शनिवारी लग्न झाले. पंगतीत मंदारने काकांना आग्रहाने दोन जिलब्या वाढल्या आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "काका, माझ्या लग्नाची यादी आत्तापासूनच घ्या करायला." काकांनी विचारले, "मुलगी बघितलीस, की धरून चाललास?"

निघताना त्यांनी मला घडी घातलेला एक कागद दिला. एक्केचाळीस ओळींची यादी होती. खाली बेचाळिसावी ओळ नव्याने लिहिलेली, 'ग्रीन कार्ड चालते', आणि पुढे हिरवी खूण. सतराव्या ओळीपुढची पेन्सिलीची खूण तशीच होती. त्यांनी ती खोडली नव्हती, शाईनेही गिरवली नव्हती.

आता प्रश्नाकडे परत येतो. ते भित्रे असते तर घरी राहिले असते. पण त्यांना निव्वळ सावध म्हणणेही बरोबर नाही, कारण सावध माणूस कधीच न तपासलेल्या कार्डावर समुद्र ओलांडत नाही. प्रश्न मांडताना मी दोनच पर्याय ठेवले, ही माझी चूक. विद्यार्थ्याने असा प्रश्न काढला असता तर मी त्यालाच खूण केली असती. ते घाबरलेले होते आणि गेले. याला एक शब्द मला अजून सापडलेला नाही.

हा लेख परदेशी राहणारे बरेच जण वाचतील. आपला व्हिसा कोणत्या पासपोर्टात आहे, जुन्या की नव्या, आणि त्यावरची तारीख कोणती, याबद्दल वर जे लिहिले आहे ते माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहे. परंतु माझ्या शब्दावर जाऊ नये. तो पूर्वी एकदा खोटा ठरला आहे. कृपया उठावे, खण उघडावा आणि स्वतः बघावे.